वजनकाटा आणि रक्ताचा कर्करोग



आजाऱ्याच्या समाचाराला गेलो म्हणजे आपली पहिली नजर जाते ती त्याच्या अंगाकडे. ‘फारच वाळले हो’, असे आपण दाराबाहेर आल्यावर हळूच म्हणतो. किंवा ‘अंगाने चांगले आहेत, सोसेल त्यांना’, असा स्वतःलाच धीर देतो. वजनावरून दुखण्याचा शेवट ताडण्याची ही खोड जुनीच आहे. ह्या ताडण्यात तथ्य किती आणि भ्रम किती, हे एका रोगापुरते, रक्ताच्या कर्करोगापुरते, तपासून पाहावे असा आज माझा बेत आहे. विषय ऐकायला रूक्ष वाटेल. परंतु ह्या रोगात बहुतेक गोष्टी माणसाच्या हाती नसतात. वजन ही थोडीशी हाती असलेली गोष्ट आहे, आणि ते हात पुष्कळदा डॉक्टरांचे नसून घरच्या माणसांचे असतात. म्हणूनच हा विषय रुग्णालयाच्या भिंतीआड न ठेवता अशा सभेत मांडण्याजोगा आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. आपल्या हाडांच्या पोकळीत मज्जा असते. तेथे रक्तातल्या लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका तयार होतात. पांढऱ्या पेशींपैकी एखादी बिघडते, वयात येण्याचे विसरते आणि नुसती वाढत सुटते. तिची प्रजा मज्जेत गर्दी करते, आणि कामाच्या पेशींना जागाच उरत नाही. मग माणूस फिकट पडतो, अंगावर काळेनिळे डाग उठतात, साधा ताप हटत नाही. १८४७ साली रुडोल्फ फिर्खो ह्या जर्मन वैद्याने ह्या रोगाला ‘ल्यूकेमिया’ असे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून घेतलेल्या त्या नावाचा अर्थ इतकाच की, पांढरे रक्त. हाच बिघाड लसिकाग्रंथींत झाला तर त्याला लिम्फोमा म्हणतात, आणि मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींत झाला तर मायलोमा. ही तीन मोठी घराणी. त्यांतही पोटभेद आहेत. मुलांत सर्वांत जास्त आढळतो तो तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमिया. पाऊणशे वर्षांपूर्वी तो झाला म्हणजे मूल काही महिन्यांचे सोबती, असे समजत. आज प्रगत देशांत अशा दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुले पाच वर्षांनंतरही हयात असतात. हा पालट औषधांनी घडवला. पण ही औषधे सोसायला शरीर लागते, आणि येथून वजनाचा प्रश्न सुरू होतो.

वजन म्हणजे काय, हेही नीट ठरवले पाहिजे. उंच माणसाचे ६४ किलो आणि ठेंगू माणसाचे ६४ किलो सारखे नव्हेत. बेल्जियमचे गणिती आदोल्फ केतले ह्यांनी १८३०च्या दशकात एक सोपा हिशेब सुचवला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागावे. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन ६४ किलो असेल तर भागाकार बरोबर २५ येतो. १९७२ साली अमेरिकेतील ॲन्सेल कीज ह्यांनी त्याला आज रूढ असलेले ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. पाश्चात्त्यांत २५ च्या पुढे वजन जास्त आणि ३० च्या पुढे स्थूलता मानतात. आपल्या लोकांत तेवढ्याच वजनात चरबी अधिक असते, म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली ह्या सीमा २३ आणि २५ अशा खाली आणल्या. वाढत्या मुलांना मात्र हे ठोक आकडे लागू पडत नाहीत. त्यांचा हिशेब वयाच्या तक्त्यावरून करावा लागतो.

परंतु काटा फसवतोही, आणि रक्ताच्या कर्करोगात तर हमखास फसवतो. मुलाचे हातपाय काड्यांसारखे झालेले असतात, पण यकृत आणि पाणथरी फुगून पोट पुढे आलेले असते. त्या फुगलेल्या अवयवांचे वजन काट्यावर मुलाच्या खाती जमा होते, आणि उपाशी मूल कागदावर ठीक दिसते. म्हणून जाणते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दंडाचा घेर मोजतात. साधी फीत पुरते. दंडावर रोगाची सूज चढत नाही. तेथे असते ते स्नायू आणि चरबी, म्हणजे शरीराची खरी शिल्लक. दुसरी फसवणूक औषधांची. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड औषधे घेताना भूक खवळते, चेहरा चंद्रासारखा गोल होतो, आणि घरची माणसे म्हणतात, ‘पोराने बाळसे धरले!’ वस्तुतः त्या वेळी स्नायू झिजत असतात, आणि वाढते ती चरबी व अंगातले पाणी. काट्यावरचा आकडा वाढला म्हणून ताकद वाढली असे नव्हे.

आता कृश रोग्यांचे काय होते ते पाहू. ब्राझीलमधील बेलो ओरिझोंची ह्या शहरातल्या डॉक्टरांनी लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमिया झालेल्या मुलांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध केला. निदानाच्या वेळी जी मुले कुपोषित होती त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले, आणि रोगाची इतर लक्षणे जमेस धरूनही हा फरक उरला. कारणे समजायला कठीण नाहीत. कुपोषित देहाची जंतूंशी झुंजण्याची शक्ती आधीच कमी असते. औषधांनी पांढऱ्या पेशी उतरल्या की क्षुल्लक जंतूही घातक ठरतो. असा जंतुसंसर्ग झाला की औषध थांबवावे लागते, आणि दोन फेऱ्यांमध्ये जो खंड पडतो त्यात रोगपेशींना उसंत मिळते. शिवाय कृश शरीर औषध वेगळ्या रीतीने जिरवते. आफ्रिकेतील मलावीत मूत्रपिंडाचा कर्करोग झालेल्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. कुपोषित मुलांच्या रक्तातून व्हिन्क्रिस्टीन हे औषध सावकाश बाहेर पडते, असे त्यात दिसले. तेच औषध ल्यूकेमियातही देतात. बाहेर पडायला उशीर म्हणजे तेवढ्याच मात्रेत त्रास अधिक.

तर मग धष्टपुष्ट असणे बरे काय? आपल्याकडील ‘अंगात चार किलो जास्त असलेले बरे’ ह्या समजुतीला येथे धक्का बसतो. अमेरिकेतील बालकर्करोग गटाने चार हजारांहून अधिक मुलांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध केली. लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमिया झालेल्या स्थूल मुलांपैकी पाच वर्षांत शेकडा २६ मुलांचा रोग उलटला. इतरांत हे प्रमाण शेकडा २० होते. दहा वर्षांवरील मुलांत हा फरक विशेष ठळक होता. त्याआधी, २००५ साली, तीव्र मायलॉइड ल्यूकेमिया ह्या दुसऱ्या प्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात दोन्ही टोकांची मुले, फार कृश तशीच फार स्थूल, मध्यम वजनाच्या मुलांपेक्षा कमी संख्येने वाचली. आणि त्यांतले बरेच मृत्यू रोगाने नव्हे, तर उपचारांच्या काळातल्या उपद्रवांनी झाले होते.

चरबी येथे नेमके काय करते? लॉस एंजलिसमधील संशोधकांनी उंदरांवर आणि काचपात्रातल्या पेशींवर ह्याचा शोध घेतला. त्यातून दिसले ते असे की, चरबीची पेशी ही नुसती तुपाची घागर नाही. ती ल्यूकेमियाच्या पेशीला घरात आसरा देते. डाउनोरुबिसिन हे औषध ती स्वतःच शोषून निकामी करते, म्हणजे बाण ढालीवरच झेलते. ॲस्पॅराजिनेज हे औषध रोगपेशींचे काही विशिष्ट अन्नघटक तोडून त्यांना उपाशी मारते; तर चरबीची पेशी ग्लुटामिन नावाचा घटक पुरवून त्यांचा उपास मोडते. जो किल्ला आपण वेढा घालून उपाशी मारू पाहतो, त्याला चोरवाटेने रसद पोहोचवणारा फितूर आतच असावा, तसा हा प्रकार. आणि स्थूल मुलांचे यकृत व स्वादुपिंड ह्या औषधांनी अधिक दुखावतात, ते वेगळेच.

ह्यात आणखी एक कारण आहे, आणि त्याचा दोष चरबीकडे नसून माणसांच्या भीतीकडे जातो. कर्करोगाची बरीच औषधे शरीराच्या पृष्ठफळावर मोजून देतात. हे पृष्ठफळ काढण्याचे प्रसिद्ध सूत्र ड्यू बॉय ह्या शास्त्रज्ञांनी १९१६ साली अवघ्या नऊ माणसांच्या मोजमापावरून बसवले. त्या सूत्राने १६० सेंटिमीटर उंचीच्या आणि ६० किलो वजनाच्या माणसाचे पृष्ठफळ सुमारे १.६२ चौरस मीटर येते. वजन दीडपट, म्हणजे ९० किलो, झाले तरी पृष्ठफळ सुमारे १.९३ इतकेच होते. म्हणजे मात्रा दीडपट न होता पाचव्या हिश्श्यानेच वाढते. तरीही एवढी मोठी मात्रा सोसेल की नाही, अशी धास्ती पुष्कळ डॉक्टरांना वाटे, आणि लठ्ठ रोग्याला हिशेबापेक्षा कमी औषध दिले जाई. हेतू दयेचा, परिणाम असा की रोगावर घाव अर्धवट बसे. म्हणून अमेरिकेतील क्लिनिकल ऑन्कॉलॉजी सोसायटीने २०१२ साली स्पष्ट सांगितले की, रोग बरा करणे हा उद्देश असेल तर स्थूल रोग्याची मात्रा त्याच्या प्रत्यक्ष वजनावरूनच ठरवावी. आणि २०२१ साली हाच सल्ला पुन्हा दिला.

आता कोणी चिकित्सक श्रोता म्हणेल, ‘पण प्रौढ माणसांत तर जाड रोगी अधिक जगतात, असेही छापून आले आहे!’ आले आहे खरे. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांत मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमाचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला; त्यात जास्त वजनाच्या आणि स्थूल रोग्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. पण ह्यावरून लगेच लाडू वळायला घेऊ नयेत. कारण लिम्फोमा हा वजन खाणारा रोग आहे. सहा महिन्यांत शेकडा १० हून अधिक वजन कारणावाचून घटणे, हे त्या रोगाचे एक गंभीर लक्षण म्हणून १९७१ सालच्या ॲन आर्बर वर्गीकरणातच नोंदलेले आहे. तेव्हा जो बारीक दिसतो तो बारीक असल्यामुळे अधिक आजारी आहे, की अधिक आजारी असल्यामुळे बारीक झाला आहे? धूर आधी की आग आधी, असा हा प्रश्न आहे. आणि काट्यावरच्या एकाच दिवसाच्या आकड्यावरून त्याचे उत्तर मिळत नाही. दुसऱ्या बाजूला हेही लक्षात असू द्या की, शरीरात चरबी जास्त असणे हे मायलोमा होण्याचे एक कारण असल्याचा पुरेसा पुरावा आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१६ साली दिला. तेव्हा चरबी हे कर्करोगावरचे कवच आहे, ही समजूत टिकत नाही.

येथवर ऐकून कोणाला वाटेल की, वजन हे ललाटावर लिहिलेले अक्षर आहे. रोग झाला त्या दिवशी ते जे होते त्यावर सारे ठरले. आजच्या व्याख्यानात मला जर एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही की, तसे नाही. रोगाचा प्रकार बदलता येत नाही, गुणसूत्रांतला बिघाड बदलता येत नाही, वय बदलता येत नाही. वजनाची स्थिती मात्र उपचार चालू असताना बदलता येते, आणि बदलली तर फळही बदलते. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालात हे दिसून आले. तेथला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. निदानाच्या वेळी कुपोषित असलेली जी ल्यूकेमियाग्रस्त मुले पहिल्या सहा महिन्यांत सावरली, त्यांचे जगणे सुपोषित मुलांच्या जवळ येऊन पोहोचले. जी कुपोषितच राहिली, ती मागे पडली. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दोन हजारांवर मुलांचे वजन उपचारांच्या सबंध काळात पाहिले गेले. फार स्थूल किंवा फार कृश ह्या अवस्थेत ज्यांनी अधिक काळ काढला, त्यांचे अधिक बिघडले. म्हणजे पहिल्या दिवसाच्या वजनापेक्षा पुढच्या दिवसांचा हिशेब मोठा.

स्थूल मुलांसाठीही प्रयत्न झाले आहेत. १० ते २१ वर्षे वयाच्या चाळीस रोग्यांना उपचारांच्या पहिल्या महिन्यात आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडे कमी उष्मांकाचे अन्न आणि रोजचा व्यायाम दिला गेला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, पूर्वीच्या रोग्यांशी तुलना करता, महिन्याअखेर मज्जेत रोगाचे अवशेष कमी जणांत सापडले. प्रयोग लहान होता, चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता. म्हणून त्याला सिद्धान्त न म्हणता आशेची खूण म्हणावे.

आता ह्यावरून कोणी घाईने निष्कर्ष काढील की, अन्नाने रोग पोसतो, तर अन्नच तोडावे. ‘साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो’, असे सांगणारे शेजारी प्रत्येक आळीत भेटतात. ह्या विचारात सत्याचा एक अंश आहे, आणि त्याचा इतिहास आपल्या मुंबईत सुरू होतो. १९२८ साली ल्यूसी विल्स ह्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना होणाऱ्या पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलिक ॲसिड. रक्त तयार व्हायला ते लागतेच. पण जे चांगल्या रक्ताला लागते ते बिघडलेल्या रक्तालाही लागते. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर ह्यांना असे दिसले की, फोलिक ॲसिडसारखी द्रव्ये दिल्यावर ल्यूकेमिया उलट जोर धरतो. तेव्हा त्यांनी त्याचा प्रतिरोध करणारे ॲमिनोप्टेरिन वापरले. हे औषध लेडर्ली कंपनीच्या ज्या प्रयोगशाळेत तयार झाले तिचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ साली फार्बर ह्यांनी जाहीर केले की, सोळा मुलांपैकी दहांना ह्या औषधाने उतार पडला. तो उतार तात्पुरता होता. पण ल्यूकेमियावरील आजच्या औषधोपचारांचा उगम तेथे आहे.

ह्या इतिहासाचा अर्थ मात्र नीट घ्यावा. रोगपेशीला उपाशी मारण्याचे काम नेमक्या औषधाने, नेमक्या घटकापुरते आणि मोजून केले गेले. रोग्याला उपाशी ठेवणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. त्यात रोगपेशी सर्वांत शेवटी मरते, आधी मरतो तो रोगी. त्याच न्यायाने, जो मेथोट्रेक्सेट घेत आहे त्याने ‘शक्तीच्या गोळ्या’ म्हणून फोलिक ॲसिड आपल्या मनाने घेऊ नये. डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. रोजची भाजी आमटी सोडण्याचे मात्र कारण नाही.

मग घरच्यांनी करावे काय? मी औषध सांगायला उभा नाही. रीत तेवढी सांगतो. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, सारख्याच कपड्यांत वजन करावे आणि वहीत तारखेसह लिहावे. ती वही दर भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावी. वजन झपाट्याने घटले किंवा चढले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. मुलाच्या दंडाचा घेर मोजण्याची विनंती करायला संकोचू नये. उपचार चालू असताना नवसाचे उपास रोग्याने करू नयेत. करायचेच तर घरच्या धडधाकटांनी त्याच्यासाठी करावेत. उलट, ताकदीसाठी म्हणून साजूक तुपाचे लाडू आणि दुधावरची साय ह्यांचाही मारा करू नये. डाळ, कडधान्ये, चालत असेल त्यांच्याकडे अंडी मासे, अशा अन्नाने स्नायू राखले जातात. नुसत्या गोडाने आणि तेलातुपाने चरबी तेवढी वाढते. पेशी उतरलेल्या असताना अन्न ताजे, नीट शिजवलेले आणि स्वच्छ हातांनी वाढलेले असावे. आणि झेपेल तेवढे चालणे, निदान घरातल्या घरात, डॉक्टरांच्या संमतीने चालू ठेवावे. कारण अंथरुणावर पडून राहिलेला स्नायू कोणत्याही अन्नाने वाढत नाही.

हे झाले ज्यांच्या घरी चूल आहे त्यांच्याविषयी. पण ज्यांची चूलच मागे गावी राहिली आहे, त्यांचे काय? परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून विदर्भ, मराठवाडा, बिहार, बंगाल अशा दूरदूरच्या मुलखांतून रोगी तेथे येत आहेत. ल्यूकेमियाचा उपचार महिन्यांचा नव्हे, दोन-अडीच वर्षांचा असतो. बापाची मजुरी बुडते, आई मुलाजवळ अडकते, खोलीचे भाडे देता देता पोटाला चिमटा बसतो, आणि पुष्कळदा औषध अर्धवट टाकून कुटुंब गावी परतते. अशा मुलाला फुकट मिळालेले उत्तम औषधही उपाशी पोटी पुरते लाभत नाही. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रोग्यांना आसरा देते. ज्या पुरुषाने आयुष्यभर भुकेल्याला अन्न द्या म्हणून सांगितले, त्याचे नाव तेथे शोभते. पण एका धर्मशाळेने हे काम पुरे होण्यासारखे नाही.

मंडळी, आपण रुग्णालयांना देणगी देतो ती बहुधा यंत्रासाठी, पलंगासाठी, संगमरवरी फलकासाठी. ग्वाटेमालाच्या मुलांनी दाखवून दिले आहे की, सहा महिन्यांचे पुरेसे जेवण हेही औषधांच्या रांगेत बसण्याच्या योग्यतेचे आहे. आपल्या गावातून एखादे मूल ह्या रोगाच्या उपचारांसाठी मुंबईला, पुण्याला किंवा नागपूरला गेले असेल, तर त्याच्या घरी जाऊन ‘किती वाळला हो’ असे म्हणण्याऐवजी, ‘तिथे तुमच्या जेवणाची सोय काय आहे?’ एवढे विचारावे. उत्तर ऐकून जे सुचेल ते करावे. पहिल्या दिवशी काट्याने दाखवलेला आकडा आपल्या हाती नव्हता; सहा महिन्यांनी तो काय दाखवील, ह्यात थोडा वाटा आपलाही आहे.